पीएच मीटरची टोपी कोरडी पडू देऊ नका
गच्चीवरच्या कुंड्यांसाठी किंवा मासोळ्यांच्या टाकीसाठी पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणा, मोजणारा पेनसारखा स्वस्त मीटर पुरतो. फक्त तापमानानुसार दुरुस्ती करणारा, म्हणजे एटीसीवाला घ्या. नागपूरच्या मे महिन्यात ती सोय लागतेच. सोबतची ६.८६ ची बफर पुडी, म्हणजे ठरावीक पीएचचं द्रावण देणारी पावडर, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून आधी तिच्यावर मीटर जुळवा. मग जुळवणीचा दुसरा बिंदू: आपली काळी माती बहुधा ७ च्या वर असते, म्हणून तिच्यासाठी ९.१८ ची पुडी. दही, लोणच्यासाठी ४.०१ ची.

खरी काळजी टोकाच्या काचेच्या फुग्याची. उन्हाळ्यात तो लवकर सुकतो आणि आकडे भरकटतात. टोपीत ३ मोलर तीव्रतेच्या पोटॅशियम क्लोराइड द्रावणाचे चार थेंब ठेवा. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी मुळीच नको, त्यानं फुगा लवकर निकामी होतो. धुतल्यावर घासू नका, अलगद टिपा.