वेगात बोट डावी-उजवी आपटायला लागली तर

तापोळा, बामणोलीकडे शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) स्पीड बोट चालवणाऱ्यांनी हे नक्की वाचा. वेग वाढला की बोटीचं नाक वर उठतं आणि सगळा भार तळाच्या मागच्या अरुंद पट्टीवर येतो. मग बोट आधी हळू, नंतर जोरात या कुशीवरून त्या कुशीवर आपटते. अशा वेळी स्टिअरिंग गरागरा फिरवू नका. आपण चाक फिरवेपर्यंत बोट उलट बाजूला कललेली असते, त्यामुळे आपटणं वाढतंच. चाक स्थिर धरा, ट्रिम (इंजिनाचा वर-खाली कल) थोडा खाली घ्या, थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा दांडा) हळूहळू कमी करा. थ्रॉटल एकदम सोडला तर नाक पाण्यात बसून बोट गर्रकन फिरू शकते.

माझ्या मते पहिला संशय स्टिअरिंगच्या ढिलेपणावर घ्यावा. धक्क्याला लावून, इंजिन बंद करून एकाने चाक घट्ट धरावं. दुसऱ्याने आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं) दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवावं. चाक जागेवर असताना इंजिन खुळखुळलं, तर केबल, तिचे जोड आणि इंजिनाचे माउंट तपासा. स्टिअरिंग हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) असेल तर तेलात हवा शिरली असेल, ती काढून घ्या. इंजिन फार उंच बसवलेलं असेल तरीही हाच त्रास होतो.

वजनही बघा. वासोटा किल्ल्याला निघालेल्यांच्या सगळ्या सॅक एकाच बाजूला रचल्या जातात, त्या मधोमध ठेवा. दुरुस्तीनंतरची चाचणी पर्यटकांना न घेता, लाइफ जॅकेट घालून आणि किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला अडकवूनच करा.