सोमवारच्या स्प्रिंटची तयारी बुधवारपासून

दूर बसलेल्या वेब टीमचा दोन आठवड्यांचा कसून कामाचा स्प्रिंट सोमवारी सुरू होणार असेल, तर तयारीची यादी आदल्या बुधवारीच काढावी. अडकलेली परवानगी, न आलेलं डिझाइन, कोणाच्या तरी नावावर राहिलेलं लॉगिन हे सगळं मागून मिळवायला गुरुवार-शुक्रवार लागतातच. एका खोलीतल्या टीमचं अडलेलं काम मान वळवून विचारलं की सुटतं. इथे तोच प्रश्न समोरचा माणूस झोपून उठेपर्यंत पडून राहतो. त्यामुळे यादीत काय घ्यायचं हे ठरवताना मी एकच बघतो: यामुळे कोणाचं ताटकळणं वाचणार आहे का?

आधी कॅलेंडर. कोण कधी रजेवर, कोणाकडे कुठली सार्वजनिक सुट्टी, आणि सगळे एकाच वेळी जागे असतात असे तास नेमके कोणते, हे एका जागी लिहा. मार्चमध्ये जास्त लक्ष द्या. अमेरिकेत घड्याळं त्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे नेहमीचा फरक तासाभराने बदलतो आणि निम्मी टीम रिकाम्या कॉलवर बसून राहते. ऑक्टोबरअखेरीला हाच घोळ आठवडाभर चालतो. बैठकीची वेळ कोणत्या तरी एका शहराच्या घड्याळाला बांधून टाका. डिप्लॉयच्या, म्हणजे नवा कोड साइटवर चढवण्याच्या, वेळा मात्र यूटीसीतच (कधी न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत) लिहा.

मग माणसांचा हिशेब. पाच जणांचे दहा दिवस म्हणजे कागदावर पन्नास दिवस. त्यातून रजा, रिव्ह्यू (एकमेकांचा कोड तपासणं), बैठका आणि लाइव्ह साइटवरचे बग वजा करा. जे उरेल तेही शेवटपर्यंत भरू नका.

सगळ्यात जास्त वेळ तिकिटांवर, म्हणजे एकेका कामाच्या लेखी नोंदीवर, घालवा, आणि तो वाया गेला असं वाटू देऊ नका. ‘लॉगिन पेज नीट करणे’ हे तिकीट नव्हे, ती इच्छा झाली. ‘चुकीचा पासवर्ड टाकल्यावर ईमेलचा रकानाही रिकामा होतो, तो भरलेला राहावा, चूक सांगणारा संदेश पासवर्डच्या खाली दिसावा, मोबाइलच्या अरुंद स्क्रीनवरही तपासावं’ असं लिहिलं, तर ते वाचणारा कोणाला न विचारता काम सुरू करू शकतो. डिझाइनची लिंक तिकिटातच हवी, आणि ती उघडण्याचा अधिकार सगळ्यांना हवा (लिंक आहे पण उघडत नाही, हा प्रकार ठरलेला). तिकिटं शुक्रवारपर्यंत सगळ्यांनी वाचून शंका खालीच लिहाव्यात. स्क्रम गाइड (स्प्रिंटने काम करायच्या स्क्रम पद्धतीची नियमपुस्तिका) महिन्याच्या स्प्रिंटच्या नियोजनाला जास्तीत जास्त 8 तास देतं, त्या हिशेबाने दोन आठवड्यांना 4. पण व्हिडिओ कॉलवर चार तास कोणाचंच डोकं चालत नाही. कॉलवर फक्त वादाचे मुद्दे घ्या.

फ्रंटएंड (साइटचा दिसणारा भाग) आणि बॅकएंड (सर्व्हरवरचा भाग) वेगळ्या माणसांकडे असतील, तर एपीआयचा, म्हणजे या दोन भागांतल्या डेटाच्या देवाणघेवाणीचा, नमुना सोमवारआधी लिहून दोघांनी मान्य करावा. तारीख कोणत्या टाइमझोनमध्ये येणार? नोंदी नसतील तर नल (‘काहीच नाही’ असं मूल्य) येणार की रिकामा ॲरे (रिकामी यादी)? एरर आली तर तिचा आकार काय? एवढं ठरलं की फ्रंटएंडवाला खोट्या डेटावर काम सुरू करतो, बॅकएंड तयार होण्याची वाट बघत नाही.

गुरुवारी एकाला नव्या फोल्डरमध्ये रेपो (प्रकल्पाच्या कोडचा साठा) क्लोन करून, म्हणजे त्याची प्रत उतरवून, फक्त रीडमी (सूचनांची फाइल) वाचत साइट चालवायला सांगा. जिथे तो अडकेल ते त्याच दिवशी दुरुस्त करा. लॉक फाइल (वापरलेल्या पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) रेपोत कमिट झालेली, म्हणजे नोंदवलेली, नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्ती प्रकल्पातच नोंदलेली, एन्व्ह फाइलचा (सेटिंग आणि गुप्त किल्ल्यांच्या फाइलचा) नमुना ताजा, असं हवं. खऱ्या किल्ल्या चॅटवर फिरवू नका, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. डिप्लॉय आणि रोलबॅक (साइट मागच्या आवृत्तीवर परत नेणं) करण्याचा अधिकार निदान दोघांकडे असू द्या, आणि ते दोघे एकाच वेळी झोपणारे नकोत.

रिव्ह्यूचे नियम आधीच ठरवा. पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) लहान ठेवायच्या, प्रत्येकीला रिव्ह्यू करणारा आणि तो नसेल तर दुसरा, अशी दोन नावं द्यायची, आणि मेन ब्रांचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) टेस्ट पास झाल्याशिवाय मर्ज, म्हणजे बदल मिसळणं, बंद. अर्धवट काम फीचर फ्लॅगमागे (सुविधा चालू-बंद करणाऱ्या खटक्यामागे) झाकून मर्ज झालेलं बरं. आठवडाभर वेगळी वाढलेली ब्रांच शेवटच्या दिवशी जुळवताना सगळ्यांचा जीव काढते. डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव बदलायचं असेल तर आधी नवा कॉलम, मग दोन्हींत लिहिणारा कोड, मग जुना डेटा नव्यात भरणं. जुना कॉलम काढायचं काम पुढच्या स्प्रिंटवर टाका.

रोजची 15 मिनिटांची बैठक सगळ्यांच्या वेळेत बसत नसेल तर लेखी ठेवा, काही बिघडत नाही. दिवस संपवताना टाकायच्या निरोपाचा नमुना मात्र आधीच देऊन ठेवा: ‘कार्टची ब्रांच पुश केली आहे. कूपन काढल्यावर बेरीज चुकते, टेस्ट लिहिली आहे, ती सध्या फेल होते. पुढे सवलतीचं फंक्शन बघायचं.’ यावर दुसरा लगेच काम उचलतो. ‘थोडं अडलंय, उद्या बघू’ यावर नाही.

कोणाला तरी गैरसोयीची वेळ सोसावी लागणारच. ती आळीपाळीने वाटा, कायम एकाच्याच माथी मारू नका. रात्री दहानंतर दिसणारे कमिट हे उत्साहाचं लक्षण समजू नका, त्या माणसाकडे किती तिकिटं आहेत ते बघा.

आणि वेळ कमी पडला तर काय सोडायचं, ते प्रॉडक्टवाल्याकडून शुक्रवारीच लिहून घ्या: क्रमाने तीन गोष्टी, आणि त्या काढण्याचा निर्णय कोण घेणार त्याचं एक नाव.