धंद्यासाठी सॉफ्टवेअर घेताय? नुसता डेमो बघून भुलू नका

सॉफ्टवेअर शोधायला बसलं की तासाभरात दहा टॅब उघडे आणि डोक्याचा भुगा, कारण फीचर लिस्ट सगळ्यांची सारखीच दिसते. ते टॅब आधी बंद करा आणि कागदावर लिहा की आपलं काम सध्या नेमकं कुठं अडतंय, बिल बनवायला वेळ जातो, का स्टॉक जुळत नाही, का उधारी कोणाकडे किती राहिली तेच कळत नाही. दोन-तीन मुद्दे बास. आणि हे मालकाने एकट्याने बसून लिहू नये, रोज एंट्र्या मारणाऱ्याला विचारा, खरी रड त्यालाच माहीत असते.

कधीकधी लिहिता लिहिता कळतं की एक्सेलवर भागतंय. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात, त्यामुळे जागा सहसा कमी पडत नाही. एक्सेल सोडायची वेळ येते ती चार जण एकाच फाइलच्या चार कॉप्या घेऊन बसले आणि 'फायनल', 'फायनल 2', 'नक्की फायनल' अशी नावं दिसायला लागली की!

आता डेमो. विकणारा त्याचाच गुळगुळीत डेटा दाखवणार, त्यात सगळं चालतंच. तुम्ही ट्रायल मागा आणि आपल्याकडचा सगळ्यात किचकट व्यवहार त्यात टाका, म्हणजे ॲडव्हान्स आधी आलेला, अर्धा माल परत आलाय, डिस्काउंट बिल झाल्यावर दिला आणि वर बिलाची तारीख मागच्या महिन्यातली. हे बसलं तर बाकीचं बहुतेक बसतं. नाही बसलं आणि समोरचा "पुढच्या अपडेटला येईल" म्हणाला, तर ते नाहीच असं धरून चाला.

त्याच ट्रायलमध्ये एक्सपोर्टचं बटण दाबून बघा. ग्राहक, बिलं, स्टॉक सगळं सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडता येणाऱ्या साध्या फाइलमध्ये, निघालं पाहिजे, नुसती पीडीएफ मिळत असेल तर उद्या दुसरीकडे जाताना सगळं हाताने टाइप करत बसाल. मला विचाराल तर एवढ्या एका गोष्टीवरून मी सॉफ्टवेअर बाद करेन. बिल कोणी बदललं, कोणी उडवलं याची नोंद राहते का तेही बघा.

खर्च नुसत्या प्लॅनवरून काढू नका, पर युजर रेट असेल तर माणसं वाढल्यावर किती होईल ते मांडा, जुना डेटा चढवणं, ट्रेनिंग, जादा मॉड्यूल वेगळंच. ओपन सोर्सचंही, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्याचंही तेच, ईआरपीनेक्स्ट या धंद्याच्या सॉफ्टवेअरला लायसन्सचे पैसे नाहीत पण सर्व्हर आणि बॅकअप कोणीतरी सांभाळायला लागतं. ओडू या तशाच सॉफ्टवेअरची कम्युनिटी एडिशन फुकट आहे, पण पूर्ण अकाउंटिंग पैसे देऊन घ्यायच्या एंटरप्राइझ एडिशनमध्येच.

ठरलं तरी लगेच वर्षाचे पैसे भरू नका. महिनाभर जुनं नवं दोन्ही चालवा, कंटाळवाणं आहे पण महिनाअखेरीला स्टॉक आणि येणं-देणं दोन्हीकडे जुळलं की मगच जुनं बंद करा.