उलटं पाणी: नव्या परफ्युजनिस्टसाठी रेट्रोची उजळणी

कोल्हापुरात पंचगंगा चढली की जयंती नाला उलटा वाहायला लागतो. एरवी शहराचं पाणी नदीत नेणारा नाला नदीचं पाणी शहरात आणून सोडतो. मी परफ्युजनिस्ट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसाचं काम करणारा पंप चालवणारा. ऑपरेशन थिएटरात नवीन आलेल्या पोराला रेट्रो कार्डिओप्लेजिया, म्हणजे हृदय थांबवणारं औषध शिरांच्या वाटेनं उलटं देणं, मी असाच समजावतो. फक्त हा पूर आपण मुद्दाम आणतो, आणि पाणी किती सोडायचं ते आपल्या पंपाच्या बटणावर असतं.

बायपासचा पेशंट टेबलावर येतो तोच मुळी धमन्या ब्लॉक झाल्या म्हणून. हृदय थांबवायला पोटॅशियम मिसळलेलं थंड रक्त महाधमनीच्या मुळातून सोडलं, म्हणजे रक्ताच्या नेहमीच्या दिशेनं, ‘अँटी’ दिलं, की ते मोकळ्या फांद्यांत धावतं आणि ब्लॉकच्या पुढचा भाग तहानलेला राहतो. ज्यानं रात्रीची लाइट आल्यावर उसात दारं धरलीत त्याला हे वेगळं सांगायला नको. सरीत ढेकूळ अडकलं की पुढचा ऊस वाळतो. पण शिरांना धमन्यांसारखे चरबीचे थर बसत नाहीत. हृदयाच्या बहुतेक शिरा मागच्या बाजूला कोरोनरी सायनसला मिळतात आणि तो उजव्या वरच्या कप्प्यात उघडतो. त्यात कॅथेटरची नळी घालून औषध उलटं ढकललं की ब्लॉकच्या मागून पेशींपर्यंत पोचतं.

ही काही आजकालची युक्ती नव्हे. प्रॅट यांनी १८९८ साली मांजराच्या हृदयावर शिरांच्या वाटेनं पोषण पोचतं का ते तपासलं होतं. सर्जन लिलेहाय यांनी १९५६ मध्ये महाधमनीच्या झडपेच्या ऑपरेशनला हीच वाट वापरली. झडप गळकी असेल तर अँटी दिलेलं सगळं डाव्या कप्प्यात पडून हृदय फुगतं, तिथं रेट्रोच कामाला येतं.

आता आपलं काम. कॅथेटर सर, म्हणजे सर्जन, घालतात. टोकाला फुगा असतो, आणि तो कुठं बसला हे सर हृदयामागं बोटं घालून चाचपतात, भूलतज्ज्ञ मॅडम अन्ननलिकेतल्या इकोवर बघतात. तुझ्याकडं दोन नळ्या येतात. जाड नळी पंपाला, बारीक नळी प्रेशर मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरला. दोन्हीतली हवा शेवटच्या बुडबुड्यापर्यंत काढ. ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला आणून झिरो कर. नवी पोरं हमखास चुकतात ती इथं: पंपाच्या लाइनचं प्रेशर दीडशे दिसलं की घाबरून फ्लो तोडतात. ते अरुंद नळीतून ढकलण्याचं प्रेशर आहे. आपल्याला बघायचं ते बारीक नळीचं, टोकाचं.

पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. सायनसचा हिशेब योगायोगानं तिथंच येतो, फूट नव्हे, पाऱ्याचे मिलिमीटर. ३० ते ४० मध्ये राहायचं. ४० ला तोंड उघडायचं, ‘सर, प्रेशर चाळीस.’ ५० च्या पुढं सायनस फाटू शकतो, आणि हृदयाच्या मागचं ते भोक शिवणं म्हणजे काय असतं ते सरांनाच विचार, पण ऑपरेशन झाल्यावर. सुरुवात मिनिटाला ५० ते १०० मिलिलिटरनं कर आणि प्रेशर बघत २०० ते २५० पर्यंत चढव. अँटीपेक्षा वेळ जास्त लागतो, घाई चालत नाही. एकट्या रेट्रोनं हृदय थांबायलाही उशीर लागतो, म्हणून झडप बरी असेल तर पहिला डोस अँटीच. रेट्रो चालू असताना महाधमनीच्या मुळातून रक्त बाहेर काढणारी नळी, म्हणजे व्हेंट, उघडी आहे ना, हे विचारून घे. आलेलं पाणी कुठूनतरी बाहेर जायला पाहिजे.

प्रेशर एकदम चढलं तर कॅथेटर खूप आत गेलंय किंवा नळी कुठंतरी मुडपलीय. विसाच्या खाली आलं तर टोक सरकलंय, किंवा सायनसला इजा झालीय, किंवा पेशंटला जन्मापासून डावी वरची महाशीर आहे आणि आपलं औषध तिकडं पळतंय. इकोवर सायनस नको तेवढा मोठा दिसला तर या शिरेचा संशय आधीच घ्यायचा.

मी स्वतः चुकलोय. नोकरीची पहिली वर्षं होती. तिसऱ्या डोसला प्रेशर ३१ वरून ११ वर आलं. मला डोस संपवायची घाई, मी फ्लो वाढवला. सरांनी मागचा ग्राफ्ट, म्हणजे ब्लॉकला वळसा घालणारी नवी रक्तवाहिनी, जोडायला हृदय उचललं होतं आणि कॅथेटर घसरून उजव्या कप्प्यात आलं होतं. सगळं पोटॅशियम शिरेतून माझ्याच रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे पेशंटचं परत येणारं रक्त साठवणाऱ्या पंपाच्या टाकीत, जमा. मॉनिटरवर हृदय वळवळायला लागलं तेव्हा कळलं. रक्तातलं पोटॅशियम ६.४ निघालं. पेशंट सुखरूप घरी गेला, पण त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाही. तेव्हापासून प्रेशर पडलं की माझा हात पंप थांबवायला जातो आणि तोंडातून ‘सर, कॅथेटर बघा’ निघतं. सर वैतागले तर वैतागू देत.

नुसत्या आकड्यावरही जाऊ नको. मान उंच करून जखमेत बघ. औषध नीट जात असेल तर हृदयामागच्या शिरा तट्ट फुगतात. झडपेच्या केसला महाधमनी उघडी असते, तेव्हा धमन्यांच्या तोंडातून काळपट रक्त ठिबकताना दिसतं. ते दिसलं की लय बरं वाटतं.

एक उणीव लक्षात ठेव. उजव्या बाजूला रेट्रो नीट पोचत नाही. तिकडच्या बऱ्याच शिरा सायनसला न मिळता थेट कप्प्यात उघडतात, आणि फुगा खोल बसला तर मागची शीर त्याच्या अलीकडंच राहते. म्हणून उजवा ग्राफ्ट झाला की त्यातूनही डोस द्यायचा, वरून बर्फाचं पाणी ओतायचं. रेट्रो दिलंय म्हणून उजवीकडं निर्धास्त राहिलेली टीम पेशंटला पंपावरून उतरवताना घामाघूम होते.

प्रत्येक डोसची वेळ, मिलिलिटर, प्रेशर आणि तापमान चार्टवर लगेच लिही, आठवून नंतर नको. शेवटच्या डोसनंतर फुगा उतरलाय का विचार. कॅथेटर निघाल्यावर सर हृदय उचलून मागं बघतील. तेवढा वेळ पंपापासून हलू नको.