परदेशातून मागवलेलं औषध कस्टम्सने अडवलं तर

घरात कॅन्सरचा किंवा दुर्मीळ आजाराचा रुग्ण असला की इथे न मिळणारं औषध परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवलं जातं. ते अडकलं की ठाणे, वाशी, खारघरची मंडळी आधी राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) धाव घेतात. तिथे दिवस घालवू नका. आयात हा केंद्राचा विषय आहे. विनापरवाना औषध आणायला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम १० मनाई करतं आणि जप्तीचा अधिकार १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या कलम ११० मधून येतो.

खरं काम ऑर्डर देण्याआधीचं आहे. पार्सलने येणाऱ्या औषधासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे, म्हणजे सीडीएससीओकडे, फॉर्म १२ए भरा; मंजुरी (परमिट) फॉर्म १२बी मध्ये मिळते. नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते. तिच्यावर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव, शक्ती (किती मिलिग्रॅम), रोजचा डोस आणि किती दिवस हे चारही हवं, कारण त्यावरूनच प्रमाण वाजवी आहे का ते ठरतं. प्रवाशाने स्वतःच्या वापरासाठी सामानातून आणलेल्या औषधाला परमिट लागत नाही, मात्र एका औषधाचे १०० सरासरी डोस ही मर्यादा आहे.

बहुतेक पार्सलं क्षुल्लक गोष्टींवर अडतात. चिठ्ठी आईच्या नावावर, पार्सल मुलाच्या नावावर. चिठ्ठीत मूळ नाव, बिलावर फक्त ब्रँड. डब्यावर ‘गिफ्ट’ लिहिलेलं आणि आत सहा महिन्यांच्या गोळ्या. ट्रामाडॉल (वेदनाशामक) किंवा अल्प्राझोलाम (चिंताविकारावरचं औषध) असेल तर अमली पदार्थांसाठीचा एनडीपीएस कायदा लागतो. ती औषधं कुणाकडूनही पार्सलने मागवू नका.

पार्सल अडकल्याचं कळलं की पहिला प्रश्न विचारा: माल नुसता थांबवलाय की जप्त केलाय? थांबवला असेल तर कागदपत्रं देऊन सुटू शकतो. जप्त झाला असेल तर जप्तीचा आदेश आणि पंचनाम्याची प्रत मागा. पंचनाम्यात बॅच नंबर, मुदत आणि नग नीट उतरलेत का ते बघा. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असेल तर त्याच दिवशी शीतगृहात ठेवण्याचा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेलं इंजेक्शन सुटलं तरी रुग्णाला देण्यालायक राहत नाही.

जप्तीनंतर सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस यायला हवी. कारण नोंदवून ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. तुम्ही मागणी केलीत तर नोटीस आणि त्यावरचं तुमचं म्हणणं तोंडी उरकता येतं. घाईत पुढे केलेल्या ‘लेखी नोटीस नको’ या पत्रावर लगेच सही करू नका. लेखी नोटीस म्हणजे नेमका आक्षेप काय ते कागदावर येणं, आणि पुढचा सगळा बचाव त्यावरच उभा राहतो. उत्तरात दोन मागण्या ठेवा: परमिटवर माल सोडा, नाहीतर पाठवणाऱ्याकडे परत जाऊ द्या. माल सरकारजमा होण्याऐवजी दंड भरून तो सोडवण्याची तरतूद कलम १२५ मध्ये आहे, पण बंदी असलेल्या मालाला ती मुभा द्यायची की नाही हे अधिकारी ठरवतो.

न्हावा शेवासारख्या बंदरातून धंद्यासाठी आलेला माल प्रयोगशाळेत नापास झाला आणि त्रुटी दुरुस्त होण्यासारखी नसेल, तर आयातदाराला दोन महिने मिळतात. तेवढ्यात माल बनवणाऱ्या देशात परत पाठवायचा, नाहीतर तो सरकारजमा होऊन नष्ट केला जातो.

जप्ती म्हणजे मालकी गेली असं नाही. ती सरकारजमा करण्याच्या आदेशाने जाते, आणि मग औषध जाळायला पाठवता येतं. धोकादायक कचऱ्याच्या भट्टीत, तळोज्यात आहे तशा, ते जाळलं जातं. आदेशावर आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवसांत दाद मागता येते. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस मिळू शकतात. तुमच्यावर वेगळा दंड (पेनल्टी) झाला असेल तर त्याच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. अपील दाखल झालं की त्याची पोच आणि ‘निकालापर्यंत माल नष्ट करू नये’ असा अर्ज जप्ती करणाऱ्या कार्यालयात त्याच दिवशी द्या, कारण अपिलाची खबर गोदामापर्यंत आपोआप पोचेलच असं नाही.