जुन्या पानावर आलेल्या वाचकाला पीएचपीने नव्या पानावर कसे पाठवावे

दिवाळी अंकाच्या मागणीचे पान नव्या पत्त्यावर हलवले, तरी व्हॉट्सॲपवर जुनीच लिंक फिरत राहते. त्या लिंकवरून येणाऱ्याला ‘पान सापडले नाही’ असे दिसू देऊ नका. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टनेही रीडायरेक्ट होतो, म्हणजे वाचक दुसऱ्या पत्त्यावर पाठवला जातो, पण त्यासाठी आधी जुने पान उतरावे लागते. काम सर्व्हरवरच, तिथे चालणाऱ्या पीएचपी या भाषेत केले, तर ब्राउझरला सुरुवातीलाच नवा पत्ता मिळतो.

आधी सर्व्हरने ब्राउझरला कोणता आकडा (स्टेटस कोड) द्यायचा ते ठरवा. ३०१ म्हणजे पान कायमचे हलले, ३०२ म्हणजे तात्पुरते. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. त्यात पत्ता चुकला, तर तुम्ही सर्व्हरवर दुरुस्ती केल्यावरही काही वाचक चुकीच्याच जागी जात राहतील. म्हणून चाचणी नेहमी ३०२ ने करा.

आता जुन्या पानाची फाइल उघडा आणि अगदी वर, पीएचपीची खूण (<?php) सुरू होताच, हेडर हे फंक्शन लिहा. त्याच्या कंसात तीन गोष्टी येतात: अवतरणचिन्हांत लोकेशन हा शब्द, कोलन आणि नवा पूर्ण पत्ता, मग ट्रू, मग ३०२. आकडा दिला नाही तरी पीएचपी ३०२ च धरते, पण लिहिलेला बरा. नव्या पत्त्यात मराठी अक्षरे असतील, तर तेवढा भाग रॉयूआरएलएनकोड (rawurlencode) या फंक्शनमधून काढून घ्या.

लगेच पुढच्या ओळीत एक्झिट लिहा. ही ओळ अजिबात गाळू नका. हेडर फक्त निरोप देते, फाइल थांबवत नाही. लॉगिन न केलेल्याला बाहेर पाठवणारे पान असेल आणि एक्झिट नसेल, तर खालचा खासगी मजकूरही त्या उत्तराबरोबर बाहेर जातो.

‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ अशी तक्रार आली, तर हेडरच्या आधीच काहीतरी छापले गेले आहे. कुठे, ते त्याच संदेशात फाइलचे नाव आणि ओळ क्रमांकासह लिहिलेले असते. बहुतेक वेळा पीएचपीच्या खुणेआधी एखादी रिकामी ओळ असते. तिथे काहीच दिसत नसेल, तर बीओएम तपासा. मराठी मजकुराची फाइल जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली, की सुरुवातीला ही न दिसणारी खूण चिकटते. दुसऱ्या एडिटरमध्ये ‘बीओएमशिवाय यूटीएफ-८’ निवडून सेव्ह करा.

इन्कॉग्निटो विंडोत डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क विभाग उघडा आणि जुना पत्ता टाका. आधी ३०२, मग नव्या पानासमोर २००, म्हणजे पान नीट मिळाले, असे दिसले पाहिजे. पाने एकमेकांकडेच पाठवत राहिली, तर नव्या पानातही तोच कोड शिरला आहे का ते बघा.

सगळे जुळले की ३०२ चे ३०१ करा आणि ती फाइल सर्व्हरवर राहू द्या. असे रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवावेत, असे गूगल सांगते.