बाहेरदेशी अकाउंटिंगचा शॉर्ट कोर्स करायला चाललात तर आधी घरचा बाग मांडून पाहा

बीकॉम बीबीएची पोरं दोन-तीन आठवड्यांच्या कोर्सला बाहेर जातात ना, त्यांनी निघायच्या आधी एक काम नक्की करा राजेहो, आपल्याच गावातला एखादा संत्र्याचा बाग घ्या, काटोल-वरुडकडं तर घरोघरी आहे, आणि त्याचा हिशोब आयएफआरएसनं, म्हणजे हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी, मांडून पाहा. गंमत म्हणजे झाड वेगळं अन् फळ वेगळं धरावं लागते. झाड वर्षानुवर्षं फळ देते म्हणून ते मशीनसारखं, आयएएस १६ मध्ये (आयएएस म्हणजे त्याच नियमांतले क्रमांक दिलेले नियम), त्यावर घसारा लागतो. पण झाडावरची आंबिया बहाराची संत्री आयएएस ४१ मध्ये, बाजारभावातून विक्रीचा खर्च वजा करून. हा नियम २०१६ पासून आहे, अन् आपल्या इंड एएसमध्येही, म्हणजे भारतातल्या हिशोबाच्या नियमांतही, तसाच. वर्गात शेतीचा विषय निघाला तर तुमच्याजवळ घरचं उदाहरण तयार राहील, मंग इंग्रजी अडखळली तरी चालते.

दुसरं, आकडे. १२,५०,००० तिथं १,२५०,००० लिहितात, म्हणजे १.२५ मिलियन. स्वल्पविराम चुकला की परीक्षेत घाबरायला होते, म्हणून घरूनच रोज दहा आकडे लिहून सवय करा. अमेरिकेत जात असाल तर डेटर्सला, म्हणजे उधारीच्या येण्याला, अकाउंट्स रिसीव्हेबल म्हणतात, आणि लिफो (शेवटी आलेला माल आधी विकला असं धरायची पद्धत) तिथं चालते, आयएफआरएसमध्ये नाही.

आणि त्या कोर्सचे क्रेडिट (श्रेयांक) आपल्या मार्कशीटवर चढतील का हे कॉलेजकडून फी भरायच्या आधी लेखी घ्या, तोंडी नको.